एक दिवस वरून, एक दिवस खालून

अंजनाबाई ओव्हाळ यांची आणि माझी पहिली ओळख एका घागरीवरून झाली, आणि त्या ओळखीत माझी बाजू पडती होती. बहात्तरच्या दुष्काळाचे ते दिवस. वाशीकडच्या एका खेड्यातून बदली होऊन मी कळंबला प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालो होतो आणि खडकपुऱ्यात बाबूराव तात्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लग्नात मिळालेली, नाव घातलेली पितळेची घागर घेऊन मी पहिल्याच सकाळी गल्लीच्या आडावर गेलो, ती रांगेत ठेवली आणि घरी येऊन निवांत दाढी करत बसलो. अर्ध्या तासानं परत गेलो तर माझी घागर रांगेबाहेर, कट्ट्यावर उपडी. शेजारी चाळिशी ओलांडलेल्या, उंच, सावळ्या एक बाई उभ्या होत्या. घागर कुणी काढली, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"म्या काढली," त्या म्हणाल्या. "घागर हुबी हाय, मानूस न्हाई. इथं मानसाची रांग हाय, गुरुजी."

मी गुरुजी आहे हे तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. घागर ठेवून दाढीला जाणारा दुसरा कोण असणार, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी निमूटपणे घागर उचलून शेवटी जाऊन उभा राहिलो.

घरी आलो तर तात्यांच्या घरातल्या काकू माझ्या पत्नीला, सुमनला, हलक्या आवाजात सांगत होत्या की ती घागर चिंच लावून, राखेनं घासून मग आत घे, तिला 'खालच्या अंगाच्या' बाईचा हात लागला आहे. आम्ही ती घासली. हे लिहिताना आज लाज वाटते, पण ज्यांचा गौरव करायला बसलो आहे त्यांच्याबद्दल खोटं लिहायचं नसेल तर इथूनच सुरुवात करायला हवी.

अंजनाबाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत असं आमच्या गल्लीच्या समितीनं ठरवलं आहे. 'ठरवलं' हा शब्द मी जाणून वापरतो, कारण त्यांची जन्मतारीख कुठंच नोंदलेली नाही. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी थोरला मुलगा कडेवर होता, एवढ्या आधारावर आम्ही शिकलेल्या माणसांनी कागद-पेन्सिल घेऊन त्यांचं वय काढलं. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की तुमच्या मतानं धरा, माझी हरकत नाही, फक्त साठ झाली म्हणून कुणी मला घरी बसवायला येऊ नका. ही स्मरणिका निघते आहे हे कळल्यावर तर त्यांनी समितीच्या अध्यक्षांना तोंडावर विचारलं की वाचता न येणाऱ्या बाईवर पुस्तक काढून तुम्ही ते वाचून दाखवायला रोज येणार आहात काय.

त्यांच्या कामाविषयी इतर मंडळी सविस्तर लिहिणारच आहेत. पाण्याची हकीकत मात्र मी लिहावी असं समितीनं सुचवलं, कारण त्या वर्षी आडावर मोजायला मी उभा होतो.

अंजनाबाई अडत बाजारात चाळणीचं काम करत. शेतकऱ्याचा माल ओट्यावर पडला की ज्वारी, तूर चाळायची, खडा-माती वेगळी काढायची आणि रास नीट लावून द्यायची. हात चाळणीवर आणि कान मापाड्याकडे. ज्यांनी बाजार पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन असं पुढं. अंजनाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण मापाड्यानं मधलं एखादं माप गाळलं तर ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून त्यांच्या ध्यानात येई. तिथली एक रीत त्यांनी मला पुढं सांगितली. मोजणारा चुकला की त्याच्यावर ओरडायचं नाही. 'परत लाव' एवढंच म्हणायचं. त्यानं पोतं राशीत ओतायचं आणि पुन्हा लाभापासून सुरू करायचं. तेवढ्यावरून त्याला कुणी चोर म्हणत नाही.

आता आडाविषयी. खडकपुऱ्याला तेव्हा नळ नव्हते. गल्ली उतारावर, वर अकरा घरं जुन्या शेतकरी कुटुंबांची, खाली सहा घरं बौद्ध कुटुंबांची, आणि मधे आड. त्या वर्षी आडाचे झरे इतके बारीक झाले होते की दिवसभर तळ दिसायचा. रात्री लाकडी झाकण घालून कुलूप लावायचं, रात्रभरात जे झिरपेल ते सकाळी वाटून घ्यायचं. प्रत्येक घराला दोन घागरी. पहिल्या वीस-बावीस घागरी निवळशंख निघायच्या. त्यानंतर पोहरा तळाला घासायला लागला की गाळ वर यायचा आणि शेवटच्या घागरींत चहासारखं पाणी पडायचं. वरची घरं वर राहतात म्हणून त्यांची रांग आधी, खालची घरं खाली म्हणून त्यांची नंतर. खालच्या ओळीतल्या बायका सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या राहत आणि सगळ्यांच्या शेवटी गढूळ पाणी नेऊन, तुरटी फिरवून दुपारपर्यंत निवळायची वाट बघत. याला कुणी काही नाव देत नसे. रांग आहे, एवढंच म्हणत.

भांडणं मात्र वरच्या घरांतच व्हायची. कुणाची घागर मोठी, कुणाची सून पुढं घुसली, असली. शेवटी तात्यांनीच सुचवलं की गुरुजी शिकलेले आहेत, त्यांनी यादी करावी, किल्ली त्यांच्याकडे ठेवावी आणि त्यांनीच पोहरा ओढून मोजून द्यावं. मला कोण आनंद झाला. मी शाळेच्या कागदावर पट्टीनं रेघा आखल्या, घरनंबराप्रमाणे सतरा नावं लाल शाईनं लिहिली आणि यादी आडाजवळच्या भिंतीवर डकवली. नंबराप्रमाणे असल्यामुळे तिच्यात पक्षपाताला जागाच नाही, असं मी सुमनला अभिमानानं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून परत येताना अंजनाबाई भिंतीपाशी थांबल्या आणि यादी वाचून दाखवा म्हणाल्या. मी वाचली. पहिलं नाव तात्यांचं, बारावं अंजनाबाईंचं, सतरावं त्यांच्या जावेचं. त्यांनी डोक्यावरची चाळणी खाली ठेवली आणि सगळी नावं लक्ष देऊन ऐकली.

"आन् उद्या?" त्यांनी विचारलं.

उद्याही हीच, मी म्हणालो.

"आन् परवा?"

मी पुन्हा भिंतीवरच्या यादीकडे वळलो. शाळेत मुलांना रोज गणित शिकवणाऱ्या माणसाला आपणच केलेल्या यादीत काय आहे ते दिसलं नव्हतं. त्यांनी मला दोष दिला नाही. घरात बाळंतीण आहे, एवढं सांगितलं. त्यांची थोरली सून मुक्ता आठ दिवसांपूर्वी बाळंत झाली होती, अंगावर दूध येत नव्हतं, आणि दाईनं बजावलं होतं की हिला चांगलं पाणी पोटभर पाजा. तुरटीच्या पाण्याला मुक्ताला उमासे यायचे. सकाळची एक स्वच्छ घागर, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

तोडगाही त्यांनीच काढला, आणि तो बाजारातला होता. अडत बाजारात मालाचा सौदा एक दिवस वरच्या दुकानापासून सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी खालच्या दुकानापासून, म्हणजे कुणा एकाचा माल रोज मागं पडत नाही. मोठमोठे अडते जे मुकाट ऐकतात ते गल्लीला ऐकायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं. रविवारी कट्ट्यावर सगळी बसली तेव्हा त्यांनी हे उभं राहून सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. तात्या खाली बघत काडीनं जमिनीवर रेघा ओढत होते. त्यांचं गप्प बसणं आम्ही होकार धरलं आणि ठरलं: सोमवारी वरून, मंगळवारी खालून.

सोमवार सुरळीत गेला. सोमवारी दिवेलागणीला तात्यांनी मला ओसरीवर बोलावलं. वाईट बोलले नाहीत. तात्या तसे वाईट माणूस नव्हतेच. उद्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत, त्यांच्यापुढं गाळाचं पाणी कसं ठेवू, असं त्यांनी विचारलं. उद्याचा दिवस वरूनच सुरू करा, परवापासून काय ते बघू. कुणी बोललंच तर विसरलो म्हणा. मग सहज आठवल्यासारखं ते म्हणाले की आमच्या पुतण्याला खोल्यांची गरज आहे, पण तुम्ही सज्जन माणूस म्हणून मी त्याला थांबवून ठेवलं आहे. सुमनला तेव्हा दिवस गेले होते. मी मान डोलावली आणि घरी आलो. पाहुणे खरेच येणार होते की नाही, हे मी नंतरही कधी विचारलं नाही.

मंगळवारी उजाडताना मी कुलूप काढलं. एका बाजूला खालच्या ओळीतल्या सहाजणी, सगळ्यांत पुढं अंजनाबाई, डोक्यावर एक आणि कमरेला एक मातीची घागर. दुसऱ्या बाजूला वरची घरं, पुढं तात्यांच्या घरच्या काकू. मी पोहरा सोडला, भरून वर ओढला, 'लाभ' म्हणालो आणि काकूंच्या घागरीकडे वळलो. सगळ्यांना दिसत होतं. काकूंनी घागर पुढं सरकवली. पोहरा वळवताना पाणी सांडत होतं, त्या दिवसांत जे कुणी सांडत नसे.

"गुरुजी," अंजनाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ओट्यावर मापाड्याला सांगावं तसा होता. "मोजनी चुकली. परत लावा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पोहऱ्याकडे बघत होत्या. मला तिथं उभ्या उभ्या तीन गोष्टी म्हणता आल्या असत्या, आणि तिन्ही खोट्या. मी भरलेला पोहरा आडात रिकामा केला, पाणी तळाशी पडल्याचा आवाज ऐकला, परत भरून ओढला, पुन्हा 'लाभ' म्हणालो आणि अंजनाबाईंच्या घागरीत ओतला. दोन्ही घागरी भरून घेऊन त्या उताराला लागल्या. थांबल्या नाहीत, आभार मानले नाहीत, विजयी मुद्रेनं कुणाकडे बघितलं नाही. घरात तहानलेलं माणूस होतं, त्याच्याकडे गेल्या.

वरच्या तीन घरांतल्या बायकांनी रिकाम्या घागरी उचलल्या आणि त्या निघून गेल्या. बाकीची उभी राहिली. पाण्याची गरज मानापेक्षा मोठी होती. तात्यांच्या घरून तीन दिवस कुणी आलं नाही. चौथ्या दिवशी खालून सुरुवात असताना काकू आल्या, मुक्ताच्या जावेच्या मागं उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या की आडाचा दोर झिजला आहे, बदलायला हवा. सगळ्यांनी दोर बघितला. खरंच झिजला होता. त्यानंतर पाऊस होईपर्यंत रांग एक दिवस वरून आणि एक दिवस खालून चालली आणि कुणाचं काही अडलं नाही. मुक्ताला आठवड्याभरात दूध उतरलं. ती मुलगी यंदा अकरावीला आहे.

तात्यांनी मला खोल्यांतून काढलं नाही. त्यांचं वर्तमानपत्र मला वाचायला द्यायचं मात्र बंद केलं. ते पुन्हा सुरू व्हायला दीड वर्ष लागलं.

या प्रसंगाची गल्लीत पुढं गंमत झाली. गणिताचे गुरुजी, पण यांना वरून आणि खालून एवढं दोन मोजता आलं नाही. बाजारातल्या बाईनं परत मोजायला लावलं! गणपतीत, बारशाला, समितीच्या बैठकीत, जिथं चार माणसं जमतील तिथं कुणीतरी ही गोष्ट काढतं आणि मी सगळ्यांबरोबर हसतो. गेली पंधरा-सोळा वर्षं हसतो आहे.

त्यानंतर अंजनाबाई गल्लीच्या कामात आल्या त्या कायमच्या. दोन प्रसंग सांगतो. वरच्या घरांचं सांडपाणी उतारानं वाहत जाऊन खालच्या ओळीच्या दारात साचायचं. समितीत त्यावर तीनदा चर्चा झाली आणि तिन्ही वेळा चहा झाला. चौथी बैठक अंजनाबाईंनी आपल्या दारात बोलावली. सतरंजी होती, चहा होता, पोह्यांवर कोथिंबीरसुद्धा होती. फक्त वास होता. वरच्या घरांतली कर्ती माणसं नाकाला रुमाल लावून बसली. एरवी दोन तास चालणारी बैठक पंधरा मिनिटांत आटोपली आणि पुढच्याच रविवारी आम्ही फावडी घेऊन गटार खणायला उतरलो. त्या दिवशी त्यांच्या दारात वरच्या सगळ्या घरांनी चहा घेतला, हे मात्र वास इतका होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

गल्लीचं सहकारी ग्राहक भांडार निघालं तेव्हा त्या संचालक झाल्या आणि मी सचिव. बैठकीत भाषण सुरू झालं की त्यांना झोप लागते, हे इथं नमूद करायला त्यांची परवानगी आहे. पण माल आला की त्या जाग्या होतात. एकदा मी स्वस्तात मिळतेय म्हणून ज्वारीची पोती पसंत केली. वरची मूठ पाहिली होती, मोत्यासारखा दाणा होता. अंजनाबाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाची मूठ काढून माझ्या हातावर ठेवली. निम्मी किडकी. सगळी पोती त्याच गाडीनं परत गेली. मला त्या रागावल्या नाहीत, पण वर बघून माल घ्यायची खोड मास्तर लोकांना असतेच, असं त्या गाडीवानाला सांगत होत्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

संचालक म्हणून अंगठा उठवायला त्यांना आवडेना. पन्नाशीच्या सुमाराला त्यांनी माझ्याकडून सही शिकून घेतली. एका महिन्यात 'अंजना ओव्हाळ' असं ठसठशीत लिहायला लागल्या आणि तिथंच थांबल्या. पुढं शिकवतो म्हटलं तर नको म्हणाल्या. बाकीचं तुम्ही वाचा, मी ऐकते. ऐकताना माणूस कुठं अडखळतो ते कळतं, ते कागदात कळत नाही. मी त्यांच्यापुढं काही वाचताना तेव्हापासून जपून वाचतो.

आमच्या घरावर त्यांचे उपकार आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. आमची पहिली मुलगी झाली तेव्हा मी प्रशिक्षणासाठी माकणीकडे गेलो होतो. सुमनला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. अंजनाबाईंनी बाजारातली चाळणी तशीच टाकली, टांगा आणला, तिला दवाखान्यात नेलं आणि दोन दिवस व्हरांड्यात बसून राहिल्या. मी एसटीतून उतरून धावत पोचलो तेव्हा माझी मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. हे कसं फेडू, असं काहीतरी मी बोललो. त्या म्हणाल्या की फेडायचं काय त्यात, माझ्या मुक्तासाठी पाणी तुम्हीच ओढून दिलं होतं की. त्या वाक्यानं मला जे झालं ते मी सुमनलाही कधी सांगितलं नाही.

या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मला वाटलं, आता पुरे झालं. ती गोष्ट छापून येणार, आणि चुकलेली मोजणी म्हणून छापून येणार, तीही माझ्याच हातून. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं: ओसरीवरचं बोलणं, खोल्यांची भीती, आणि त्या सकाळी मी चुकलो नव्हतो, मुद्दाम तात्यांच्या घागरीकडे वळलो होतो.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. बोटं ताटात तशीच फिरत होती. "तात्याच्या ओसरीवरनं तुमी मान खाली घालून उतरलाव, ते मुक्तानं खिडकीतनं बघितलं व्हतं. रातीच सांगितलं तिनं."

म्हणजे सकाळी आडावर येतानाच त्यांना सगळं माहीत होतं. मग सगळ्यांसमोर मला तसं म्हणाला का नाहीत, मी विचारलं. इतकी वर्षं मी मनाशी धरून चाललो होतो की एक तर त्यांना कळलं नाही, किंवा त्यांनी मला माफ केलं.

त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"घरात बाळंतीन तानेली व्हती, गुरुजी. तुमाला चोर ठरवीत बसायला मला येळ कुटं व्हता?"

त्यांनी आतून पाणी आणून दिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या. हे सगळं लेखात लिहू का, असं मी निघताना विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा, पण तात्यांना वाईट करू नका, त्यांची लेक चांगल्या घरी पडली आहे. म्हणून इथं तात्यांबद्दल लिहिताना मी हात आखडता घेतला आहे. स्वतःबद्दल घेतलेला नाही.

खडकपुऱ्यात आता नळ आहेत, गटारं झाकलेली आहेत, कोपऱ्यावर दिवा आहे आणि यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी अंजनाबाई कुणाच्या ना कुणाच्या दारात जाऊन बसल्या आहेत. त्याबद्दल गल्ली त्यांची ऋणी आहे. माझी कृतज्ञता मात्र त्या एका सकाळसाठी आहे. घरची बाई तहानेनं तळमळत असताना त्यांनी एक घागर पाणी मिळवलं आणि मला, जो ते पाणी दुसऱ्याला द्यायला निघाला होता, या गल्लीत मान वर करून राहण्याइतकी जागा ठेवली. त्यानंतरची माझी सगळी मास्तरकी मी त्या जागेवर उभं राहून केली आहे.

अंजनाबाई, तुम्ही शंभरी गाठा. डोळे, कान आणि गुडघे शाबूत ठेवून गाठा. साठीच्या समारंभात ती मोजणीची गंमत कुणीतरी सांगेलच. या वेळी मी हसणार नाही. मी उठून उभा राहीन आणि काय झालं होतं ते सांगेन. तुम्ही तेव्हा समोर बसलेल्या असा.